जखमी कोंबडीचे उपचार : जतच्या माळावरील अलिखित पशुवैद्यकाचा इतिहास

प्रस्तावना

भारतीय पशुवैद्यकाच्या इतिहासाचा विचार करताना शालिहोत्राचे अश्ववैद्यक आणि पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद या दोन परंपरांचा उल्लेख प्रथम होतो. घोडा आणि हत्ती ही राजाची व सैन्याची जनावरे. त्यांच्यासाठी वैद्य नेमले गेले, त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले. पक्ष्यांपुरते बोलायचे तर कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या नावावर असलेला ‘श्यैनिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ महत्त्वाचा आहे. शिकारीसाठी पाळलेल्या ससाण्यांची निगा, त्यांचे आजार आणि त्यांवरील औषधे यांचे विवेचन या ग्रंथात आहे. हरप्रसाद शास्त्री यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९१० साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाली. म्हणजे झडप घालणाऱ्या पक्ष्याला वैद्यही लाभला आणि ग्रंथही लाभला. ज्या पक्ष्यावर झडप पडते त्या कोंबडीच्या वाट्याला मात्र असे काही आले नाही.

याचा अर्थ घारीच्या, मुंगसाच्या किंवा कुत्र्याच्या तावडीतून सुटलेल्या कोंबडीवर कोणी उपचार केलेच नाहीत, असा होत नाही. ते घरोघर झाले आणि आजही होतात. परंतु ते करणाऱ्या स्त्रिया होत्या, त्यांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, आणि ज्या जिवावर ते केले गेले त्याची बाजारातील किंमत बैलाच्या तुलनेत नगण्य होती. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या जत तालुक्याच्या संदर्भात या अलिखित ज्ञानाचे स्वरूप पाहणे, त्याचे आजच्या पशुवैद्यकाच्या कसोटीवर काय होते ते तपासणे आणि शासकीय पशुवैद्यकाच्या चौकटीत त्याला जागा का मिळाली नाही याचा शोध घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

लिहिणारे आणि पाळणारे

कोंबडीविषयीच्या लिखित मौनाची मुळे जुनी आहेत. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केल्याचे म्हटले आहे. त्याच्याच पाचव्या स्तंभलेखात, कोणते प्राणी मारू नयेत याच्या यादीबरोबर, कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये अशी स्पष्ट आज्ञा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील एका राजाला कोंबड्याच्या देहाला होणाऱ्या इजेची दखल घ्यावीशी वाटली, ही लहान गोष्ट नव्हे. पण पुढे हा धागा तुटतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य ठरवलेल्या पदार्थांत गावातील कोंबड्याचा समावेश आहे. आयुर्वेदाच्या संहितांत कोंबड्याचे मांस बलवर्धक म्हणून येते, म्हणजे तेथेही कोंबडा औषध म्हणून येतो, रुग्ण म्हणून येत नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या अंगणात खुराडे नव्हते आणि ज्यांच्या अंगणात खुराडे होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती. कोंबडीच्या वैद्यकाचा इतिहास लिहिताना येणारी मुख्य अडचण हीच आहे.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० मध्ये रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांचे वर्णन करताना कोंबड्यांच्या झुंजींचाही विचार केला आहे. जतचा परिसर त्या काळी याच राजवटीच्या प्रभावक्षेत्रात होता, म्हणून हा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरत नाही. पण तेथेही झुंजीचा कोंबडा आहे, राजाच्या करमणुकीचा. अंडी घालणारी, पिले वाढवणारी, अंगणात उकिरडा उकरणारी कोंबडी राजाच्या विनोदात बसत नव्हती.

एका बाबतीत मात्र ग्रंथपरंपरा आणि घरगुती परंपरा यांत नाते दिसते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत : धुणे, पिळून काढणे, शिवणे, लेप, धूपन, बंधन इत्यादी. माणसाच्या जखमेसाठी सांगितलेल्या या क्रियांपैकी काही, हळद, तूप, कडुनिंब यांच्यासह, कोंबडीच्या जखमेवर घराच्या ओसरीत पिढ्यान् पिढ्या केल्या गेल्या आहेत. त्या ग्रंथातून घरात आल्या की घरातून ग्रंथात गेल्या, हा वाद येथे सोडवण्याची गरज नाही. घर आणि ग्रंथ यांच्यात देवाणघेवाण दोन्ही दिशांनी होत असते, एवढे मान्य केले तरी पुरे.

जतचा माळ, वस्ती आणि शिकारी

जत हे डफळे घराण्याचे संस्थान. विजापूरच्या आदिलशाहीच्या छायेत उदयास आलेली ही जहागीर पुढे सातारच्या छत्रपतींच्या मांडलिकांत गणली गेली आणि १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांच्या देखरेखीखाली आली. १९४८ च्या मार्चमध्ये दख्खनच्या इतर संस्थानांबरोबर जत मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तालुक्याच्या सीमा कर्नाटकातील विजापूर व बेळगाव जिल्ह्यांना आणि सोलापूर जिल्ह्यालाही भिडतात. पूर्वेकडच्या अनेक गावांत घरची भाषा कानडी आहे. तेथे हळदीला ‘अरिशिण’ म्हणतात आणि कोंबडीला ‘कोळी’. मराठीत कोळी म्हणजे मासे धरणारा, किंवा जाळे विणणारा जीव. पाहुण्या मराठी माणसाचा यावरून होणारा गोंधळ सीमाभागात नवा नाही.

पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. कृष्णाकाठच्या ऊसमळ्यांशी तुलना केली तर जतचा माळ वेगळ्याच जिल्ह्यात असावा असे वाटते. अशा प्रदेशात शेतीपेक्षा जनावरांचा आधार मोठा असतो. माडग्याळची मेंढी, खिलार बैल आणि मार्गशीर्षात जतला भरणाऱ्या यल्लमादेवीच्या यात्रेतील जनावरांचा बाजार यांवरून तालुक्याची ओळख सांगितली जाते. बैल आणि मेंढरे पुरुषांची. त्यांचा व्यवहार बाजारात, चारचौघांत होतो. कोंबडी मात्र घरधनिणीची. अंड्यांचे, तलंगीचे, कोंबड्याचे पैसे तिच्या हातात येतात. मिठामिरचीचा बाजार, मुलाची वही, माहेरी जाण्याचे एसटीचे भाडे, औषधाची बाटली या बाबी त्यातून भागतात. दुष्काळात बैल विकावा लागतो, दागिना गहाण पडतो. कोंबडी उरते, कारण ती सांडलेल्या दाण्यावर व किड्यांवर जगते. म्हणूनच अंडी घालणारी कोंबडी जखमी होणे हा घरच्या पुरुषाच्या लेखी किरकोळ आणि बाईच्या लेखी मोठा प्रसंग असतो.

त्यात जतची लोकवस्ती विखुरलेली. गावठाणाबाहेर शेतात वस्त्या करून राहणारी कुटुंबे पुष्कळ. घराच्या चहूबाजूंनी मोकळा माळ, तरवड-बाभळीची झुडपे, दगडी बांध आणि ओढ्याच्या घळी. हे सारे शिकाऱ्यांच्या सोयीचे. दिवसा घार आणि शिक्रा पिलांवर टपलेले असतात. मुंगूस बांधाच्या कपारीतून येऊन मान किंवा डोके धरतो. तिन्हीसांजेला व रात्री रानमांजर, कोल्हा आणि क्वचित खोकड येते. घोरपड आणि नाग-धामण यांचा रोख बहुधा अंड्यांवर व पिलांवर असतो. या सर्वांपेक्षा जास्त उपद्रव मोकाट कुत्र्यांचा असतो, आणि तो जंगली नसल्यामुळे त्याची गणना कोणी ‘वन्य प्राण्यांच्या उपद्रवा’त करीत नाही.

शिकारी कोणता हे जखमेवरून ओळखण्याची रीत आहे व ती पुष्कळशी खरी आहे. घारीच्या नखांच्या जखमा पाठीवर, दोन्ही बाजूंना, खोल पण अरुंद असतात. मुंगसाचे दात मानेशी किंवा डोक्याच्या मागे दिसतात. कुत्रा कोंबडी तोंडात धरून झटकतो, त्यामुळे पाठीची वा मांडीची कातडी पदरासारखी फाटून लोंबते. मांजराच्या दाताचे भोक इतके बारीक असते की पिसांखाली दिसतही नाही, आणि तेच सर्वांत घातक ठरते. त्याचे कारण पुढे येईल.

जत तालुक्यातून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी बिकट होतो. कारखान्याच्या परिसरात कोपी उभारून चार-पाच महिने राहताना घरच्या शेळ्या-कोंबड्याही बरोबर न्याव्या लागतात, कारण मागे पाहणारे कोणी नसते. उसाचे दाट फड हे कोल्ह्यांचे व रानमांजरांचे आवडते आश्रयस्थान. फड तुटू लागला की ही जनावरे बाहेर पडतात आणि कोपीजवळच्या कोंबड्या त्यांना आयत्याच सापडतात. तेथे ना घरचे खुराडे, ना ओळखीची शेजारीण, ना ओळखीचा डॉक्टर.

हल्ल्यानंतर पहिला प्रश्न औषधाचा नसतो. कोंबडी ठेवायची की कापायची, हा असतो. मेलेली कोंबडी बहुतेक घरांत खाल्ली जात नाही. मुसलमान कुटुंबांत तर जिवंतपणी रीतसर हलाल झाल्याखेरीज ती निषिद्धच. त्यामुळे निर्णय लगेच घ्यावा लागतो. वाट पाहावी तर कोंबडीही जाते आणि सागुतीही. घाई करावी तर कदाचित वाचली असती अशी अंड्यावरची कोंबडी हातची जाते. कोंबडी अर्धलीने, म्हणजे एकीची कोंबडी दुसरीने पाळायची आणि पिले वाटून घ्यायची या बोलीवर, दिलेली असेल तर या निर्णयाला आणखी एक पदर येतो. पाळणारीने कापली तर मालकिणीला शंका येते, आणि न कापता मेली तर दोघींचे नुकसान. असे प्रसंग पंचांपर्यंत जात नाहीत, पण दोन घरांचे बोलणे त्यावरून बंद होते. उपचाराचे ज्ञान हा केवळ दयेचा विषय नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

डालग्याखालचा उपचार

उपचाराचे पहिले साधन औषध नसून डालगे होय. तुरीच्या काड्यांचे, तरवडीच्या किंवा निरगुडीच्या फोकांचे हे विणकाम कैकाडी व बुरूड समाजातील कारागिरांचे. रात्री पिलांची कोंबडी झाकायला, बाजारात न्यायला आणि खुडूक कोंबडी बसवायला तेच वापरतात. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ या म्हणीतील झाकणे याच डालग्याचे. जखमी कोंबडी त्याखाली ठेवून वर पोते टाकण्याची पद्धत आहे. पोत्यामुळे अंधार होतो, अंधारात पक्षी शांत होतो, ऊब टिकते आणि इतर कोंबड्यांपासून ती अलग राहते. आजचे पशुवैद्यक अशा वेळी पहिली सूचना हीच देते : उबदार, अंधारी, शांत आणि वेगळी जागा. शिकाऱ्याच्या तावडीतून सुटलेला पक्षी पुष्कळदा जखमेपेक्षा धक्क्याने मरतो. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात रक्त जेमतेम १०० मिलिलिटर असते, त्यामुळे थोडा रक्तस्रावही तिला जड जातो. तिच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा अधिक, सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते, आणि धक्क्यात ते झपाट्याने उतरते.

अलग ठेवण्याचे दुसरे कारण कळपाच्या स्वभावात आहे. कोंबड्यांना तांबडा रंग खुणावतो. एकीच्या पाठीवर रक्त दिसले की बाकीच्या तेथेच टोचू लागतात आणि शिकाऱ्याने अर्धवट सोडलेले काम स्वतःच्याच कळपाकडून पुरे होते.

कोंबडी धरण्याच्या पद्धतीतही जाण असते. सराईत बाई तिला काखेत घेते, पंख अंगाशी मिटवते, पण छाती आवळत नाही. पक्ष्याला माणसासारखे मध्यपटल नसते. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच श्वास चालतो. छाती घट्ट दाबून धरलेली कोंबडी धरणाऱ्याच्या हातातच गुदमरते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने जखमेवर पाच-दहा मिनिटे सतत दाब द्यावा लागतो. मध्येच उचलून पाहिले की धरलेली गुठळी सुटते. तुटलेल्या नखातून येणारे रक्त चिमूटभर पिठाने थांबवतात, तेही योग्यच आहे.

यानंतर जखम धुणे. गावाकडच्या रीतीत हा टप्पा पुष्कळदा वगळला जातो व त्याची जागा थेट लेपाने घेतली जाते. घरगुती परंपरेचा खरा दुबळेपणा येथे आहे आणि तो मान्य केला पाहिजे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे नऊ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन लहान चमचे, मीठ घालून त्या पाण्याने जखम भरपूर धुवावी. भोवतालची पिसे उपटू नयेत, कातरावीत. कोंबडीची कातडी पातळ असल्याने उपटताना ती आणखी फाटते. ज्या जखमेत चिकटलेली माती, पिसे आणि शिकाऱ्याची लाळ तशीच राहते, तिच्यावर कितीही गुणकारी लेप लावला तरी आत पू धरतो.

लेपांमध्ये हळद सर्वांत पुढे. ती खोबरेल किंवा गोड्या तेलात कालवून, क्वचित तुपात गरम करून लावतात. हळदीतील करक्युमिन सूज कमी करते व काही जंतूंना रोखते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. उथळ, स्वच्छ जखमेवर ती उपयोगी पडते. कोरडी पूड खोल जखमेत ‘भरली’ तर मात्र वर खपली धरते आणि आत घाण कोंडते. दगडीपाल्याचा, म्हणजे एकदांडीचा, रस ताज्या कापल्यावर पिळण्याची रीत शेतकऱ्याच्या स्वतःच्या जखमेवरूनच कोंबडीकडे आली आहे. कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने धुण्याची रीत चांगली. चुलीतील राख ओल शोषते, पण ती स्वच्छ नसते. चुना लावल्याने कातडी भाजते. रॉकेल आणि तंबाखूचे पाणी यांचा उपयोग तर कोंबडीला मारकच ठरतो. तंबाखूतील निकोटीन पातळ कातडीतून सहज शोषले जाते. जुने ते सर्व सोने आणि जुने ते सर्व अडाणी, या दोन्ही टोकांच्या मतांना हा लहानसा औषधसंग्रह जुमानत नाही. त्यातील एकेक पदार्थ वेगळा पारखावा लागतो.

उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या तोंडाशी खरा शत्रू माशी. तिने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या बाहेर पडतात आणि जखमेत किडे पडतात. त्यावर सीताफळाचा पाला वाटून लावण्याची पद्धत गुरांच्या बाबतीत सर्वश्रुत आहे व कोंबड्यांच्या बाबतीतही ती वापरली जाते. सीताफळाच्या बिया अधिक उग्र, पण त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास कायमची इजा होऊ शकते. मानेवरच्या किंवा डोक्यावरच्या जखमेसाठी ती टाळणेच बरे. पशुवैद्यकीय दवाखान्यात यासाठी टर्पेंटाइन वापरून व चिमट्याने अळ्या काढून जखम साफ करतात.

पक्ष्याच्या शरीररचनेमुळे उद्भवणारा एक प्रकार बाहेरच्या माणसाला चकित करतो. पाठीवर किंवा पंखाच्या मुळाशी दात लागल्यावर काही वेळाने कोंबडी फुग्यासारखी फुगते. कातडीखाली हवा भरते व बोटाने दाबले असता कुरकुर आवाज येतो. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांना जोडलेले वायुकोश असतात, दंडाचे हाडही पोकळ असून त्यांच्याशी जोडलेले असते. त्यांपैकी एखादा फुटला की श्वासाची हवा कातडीखाली शिरते. अशा जखमेवर पाणी ओतू नये, कारण ते थेट श्वसनमार्गात जाऊ शकते. लहान छिद्र बहुधा आपोआप बुजते.

मानेखालची अन्नपिशवी फाटली तर खाल्लेले दाणे जखमेतून बाहेर पडतात. ती साध्या सुई-दोऱ्याने शिवणाऱ्या बायका खेड्यांत आढळतात आणि शिवलेली कोंबडी जगल्याची उदाहरणेही असतात. वास्तविक पिशवीचे आणि कातडीचे टाके वेगवेगळे घालावे लागतात. दोन्ही एकत्र शिवल्यास पिशवी कातडीला चिकटते. हे काम डॉक्टरचे, पण सुई उकळून घेतल्याने होणारा फरक मोठा असतो आणि तो कोणालाही करता येण्याजोगा आहे.

पाणी पाजण्याविषयीही एक चूक सर्वत्र होते. चोच उघडून पाणी ओतले जाते. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने ते पाणी नलिकेत उतरते. चोचीच्या कडेला थेंब लावावा, ती स्वतः गिळते. गुळाचे, चिमूटभर मीठ घातलेले पाणी पहिल्या दिवशी पुरे. दुसऱ्या दिवशी भिजवलेल्या कण्या. कातडीचा मोठा पदर फाटलेली कोंबडी स्वच्छ राहिली तर तीन-चार आठवड्यांत भरून येते. अंडी मात्र उशिरा सुरू होतात.

हळदीचा खटला

अलिखित ज्ञानाची किंमत काय असते, याचे उत्तर एकदा अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात मिळाले. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबद्दल मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले व १९९७ मध्ये ते रद्द झाले. मराठी वाचकाला ही कथा परिचित आहे. परंतु तिच्यातील एका तपशिलाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील प्रचलित वापर हा पुरावा ठरत नव्हता. परदेशातील ज्ञान छापील स्वरूपात असेल तरच ते ‘पूर्वज्ञात’ मानले जाई. म्हणून परिषदेला संस्कृत ग्रंथांतील उतारे आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील लेख यांसारखे छापील पुरावे सादर करावे लागले. कोट्यवधी घरांत हळद रोज लावली जात होती, या वस्तुस्थितीला स्वतंत्र वजन नव्हते. कायद्यातील ही मर्यादा २०११ च्या दुरुस्तीने दूर झाली व ती दुरुस्ती २०१३ पासून अमलात आली.

हळद वाचली, कारण माणसाच्या जखमेविषयी कोणी तरी लिहून ठेवले होते. तोच न्याय कोंबडीच्या जखमेला लावला असता तर दाखवायला कागद कोणता निघाला असता? हा प्रश्न सांगली जिल्ह्याला विशेष लागू आहे. सांगली ही हळदीची देशातील अग्रगण्य बाजारपेठ. हरिपूरची पेवे, म्हणजे जमिनीखालील हळदीची कोठारे, प्रसिद्ध आहेत. आणि २०१८ मध्ये ‘सांगलीची हळद’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. व्यापाराच्या अंगाने हळदीचा प्रत्येक कण मोजला गेला. ती जतच्या वस्तीवर कोंबडीच्या पाठीला कशी, किती आणि कशात कालवून लागते, हे मोजण्याचे कारण कोणाला पडले नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचा भरही मुख्यतः आधीच ग्रंथबद्ध असलेल्या ज्ञानावर राहिला.

सरकारी पशुवैद्यकातील कोंबडी

आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्राच्या आरंभी कोंबडीला मानाचे स्थान आहे. १८७९-८० मध्ये लुई पाश्चरने प्रयोगशाळेत क्षीण केलेल्या जंतूंपासून पहिली लस तयार केली ती कोंबड्यांच्या पटकीवर. त्या जंतूला पुढे पाश्चरचेच नाव मिळाले : पाश्चुरेला मल्टोसिडा. गुरांचा घटसर्पही याच जंतूच्या एका प्रकारामुळे होतो. आणि हाच जंतू निरोगी मांजराच्या तोंडात सहज आढळतो. मांजराने तोंडात धरलेली कोंबडी वरवर धडधाकट दिसूनही एक-दोन दिवसांत दगावते, हा खेड्यातील अनुभव खरा असण्याचे कारण हे आहे. बारीक छिद्रातून गेलेला जंतू रक्तात पसरतो. अशा वेळी हळद पुरत नाही. प्रतिजैविक लागते आणि ते लगेच लागते.

पण पाश्चरपासूनच कोंबडी शास्त्रात शिरली ती कळप म्हणून. रोग एका कोंबडीचा नव्हे, खुराड्याचा. भारतातील शासकीय पशुवैद्यकानेही हीच दृष्टी घेतली, आणि प्रारंभी तर कोंबडीला त्यात जागाच नव्हती. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात शाही जंतुशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली व १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलवण्यात आली. या संस्थांपुढील मुख्य प्रश्न लष्कराच्या घोड्यांचे व शेतीच्या बैलांचे होते. बुळकांडीने गावेच्या गावे बैलांवाचून ओस पडत असताना ते स्वाभाविकही होते. कोंबडीकडे शास्त्राचे लक्ष गेले ते मानमोडीमुळे. १९२७ मध्ये कुमाऊंतील राणीखेत येथे उद्भवलेल्या साथीवरून भारतात या रोगाला राणीखेत हे नाव पडले. श्यैनिकशास्त्राचा कर्ता राजाही कुमाऊंचाच, हा केवळ योगायोग.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे त्यांच्याकडे आले. पुढील काळात कृत्रिम रेतन, संकरित गाय, घटसर्प-फऱ्याच्या लसी हा दवाखान्यांचा दिनक्रम बनला. कोंबड्यांसाठी मानमोडीची व देवीची लस आली, तिचा लाभ मोठा झाला यात शंका नाही. परंतु एक जखमी कोंबडी काखेत घेऊन दहा-बारा किलोमीटर दवाखान्यात येणाऱ्या बाईची कल्पना या व्यवस्थेने केली नव्हती. तिचा एक दिवसाचा रोजगार आणि भाडे मिळून कोंबडीच्या किमतीएवढेच होते. तिने न येणे हा अडाणीपणा नव्हता, तो हिशेब होता.

वनखात्याच्या चौकटीतही तिला जागा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांना संरक्षण दिले, ते आवश्यकच होते. माळरानातील उंदीर-घुशींवर त्यांचाच वचक असतो. भरपाईची योजना मात्र वाघ, बिबटे, लांडगे यांसारख्या मोठ्या श्वापदांनी मारलेल्या गुरांभोवती व शेळ्यामेंढ्यांभोवती आखली गेली. संरक्षित प्राण्याचा भार काही अंशी अंड्यांच्या पैशावर घर चालवणारी बाई उचलते, आणि तिला कागद मिळत नाही.

घरगुती कोंबडीची घरोघर जाऊन मोजदाद होण्याचा एक ठळक प्रसंग फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आला. बर्ड फ्लूच्या त्या साथीत बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करण्यात आले आणि परसातल्या कोंबड्याही त्यांतून सुटल्या नाहीत. त्यानंतर आजारी पक्षी हाताळण्याविषयी जागृती झाली. जखम आणि रोग यांतील फरक ओळखणे यामुळे अधिक गरजेचे बनले. एकच कोंबडी जखमी असेल तर उपचार. पण जखमेशिवाय अनेक कोंबड्या एकाच वेळी मरू लागल्या तर हात न लावता दवाखान्यास कळवणे, हा भेद आता प्रत्येक घराला माहीत असावा लागतो.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे. किराणा दुकानाइतक्याच सहजतेने मिळणारी माणसांची प्रतिजैविके कोंबडीला अंदाजाने दिली जातात. त्यांचा अंश अंड्यांत उतरतो, आणि औषध चालू असताना व नंतर डॉक्टर सांगेल तितके दिवस ती अंडी खायची किंवा विकायची नसतात. अंड्यांवरच घरखर्च असलेल्या बाईला ही अट पाळणे कठीण जाते. हळदीच्या लेपात हा प्रश्न नव्हता.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व इतर कुक्कुट पक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर गेली. त्यांतील सुमारे ३१.७ कोटी परसातले होते, आणि मागील गणनेपेक्षा ही परसातली संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. मोठ्या पोल्ट्रीच्या उदयानंतर अंगणातील कोंबडी संपेल, हा तज्ज्ञांचा कयास चुकला. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी आता १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. जिल्हा परिषदांच्या स्थापनेचे वर्षही तेच. पथक वस्तीवर येईपर्यंतचा पहिला तास मात्र अजूनही डालगे, पोते, मिठाचे पाणी आणि घरात असेल ती हळद यांच्याच भरवशावर निघतो.